रात्रीचा फोन: गृह आणि मत्स्यव्यवसाय विभागाला किनाऱ्यावरून खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग
मा. सचिव, मत्स्यव्यवसाय विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

दोघांना एकच पत्र लिहितोय, ते मुद्दाम. वेगवेगळी लिहिली असती तर एका विभागाने ते दुसऱ्याकडे 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवलं असतं, दुसऱ्याने 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' असा शेरा मारला असता आणि मला दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या तेवढ्या मिळाल्या असत्या.

मी सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीचं कामकाज बघतो. डिझेल परताव्याचे प्रस्ताव, नौकांच्या परवान्यांचं नूतनीकरण, खलाशांच्या याद्या, विम्याचे कागद हे माझं रोजचं काम. त्याच टेबलाच्या दुसऱ्या खणात सागर रक्षक दलाच्या, म्हणजे किनाऱ्यावर पोलिसांचे डोळे-कान असलेल्या गावच्या स्वयंसेवकांच्या, सदस्यांची यादी आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स असतात. माणसं तीच, नौका त्याच. खण तेवढे दोन आहेत, कारण मंत्रालयात मजले दोन आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की किनाऱ्याची सुरक्षा आणि किनाऱ्याची रोजीरोटी हे दोन विषय तुम्ही वेगळे ठेवलेत आणि त्यामुळे दोन्ही कच्चे राहिलेत. समुद्रात जो माणूस तुमच्यासाठी टेहळणी करतो, तोच तुमच्याकडे आपलं गाऱ्हाणंही घेऊन येतो. गाऱ्हाण्याला उत्तर मिळालं नाही की त्याची टेहळणीही थांबते. तो मुद्दाम थांबवत नाही, फोन करायचं सोडून देतो इतकंच.

हंगामातली एक रात्र घ्या. गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं, टाकून एक छोटी यांत्रिक नौका पंधरा-वीस वाव खोल पाण्यात थांबली आहे. वर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आणि तीन खलाशी. मध्यरात्रीनंतर पश्चिमेला पाण्याच्या कडेवर पांढरा उजेड उठतो. तो बंदराचा नव्हे, बंदर पाठीमागे राहिलं. एक नौका जनरेटरवर एलईडी दिवे लावून उभी आहे, काही दिवे पाण्यावर, काही पाण्याखाली सोडलेले. उजेडाला मासळी गोळा झाली की दुसरी नौका पर्ससीन जाळ्याने वेढा घालते. तास-दीड तासात दिवे विझतात. दोन्ही नौकांचे नाव-नंबर ताडपत्रीने झाकलेले. दिवे न लावताच त्या किनाऱ्याच्या बाजूला सरकतात.

तांडेल फोन लावतो. पहिला वर्दीवाल्यांकडे. पलीकडचा माणूस नीट बोलतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. तो विचारतो, "संशयित बोट आहे की मासेमारीची?" तांडेल म्हणतो, मासे मारत होती, आता काळोखात कुठेतरी चाललीय. "मग मत्स्यविभागाला कळवा." दुसरा फोन परवानावाल्यांकडे. तिथला अधिकारी ओळखीचा, म्हणून अपरात्रीही उचलतो. त्याच्या हाताखाली गस्तीची नौका एक आणि किनारा अख्ख्या जिल्ह्याचा. नौका त्या रात्री दुसऱ्या टोकाला. "नंबर दिसला का? नंबर असेल तर सकाळी बघू." नंबर झाकलेला आहे हे तांडेल पुन्हा सांगतो. सकाळी जाळं ओढायला घेतलं तर अर्धं गायब, बोयांचे दोर कापलेले. हजारोंचं जाळं गेलं, वर त्या फेरीचं डिझेल आणि बर्फ अंगावर.

"कित्याक फोन करतंस? कोणी येवचो नाय," असं आता नौकेवरची पोरं तांडेलाला सांगतात.

मला विचाराल तर या सगळ्यात घोटाळ्याची जागा तो पहिला प्रश्नच आहे. संशयित की मासेमारीची? काळोखात, नंबर झाकून, दिवे विझवून किनाऱ्याकडे सरकणारी नौका मासे पळवते आहे की आणखी काही उतरवते आहे, हे होडीतल्या माणसाने कसं ओळखायचं? आणि ते त्यानेच का ठरवायचं? तुमच्या दोन विभागांमधली कामाची वाटणी तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवली आहे. तीही रात्री दोन वाजता, डुलत्या नौकेवर, मोबाइलची एक कांडी रेंज असताना.

वर्षातून दोनदा किनारा सुरक्षेचा 'सागर कवच' सराव होतो तेव्हाची गोष्ट वेगळी. एक गट हल्लेखोर होऊन किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतो, दुसरा त्याला अडवतो. जेट्टीवर बंदोबस्त, नाक्यावर तपासणी. सागर रक्षक दलाच्या पोरांना आधीच निरोप गेलेला असतो की डोळ्यात तेल घालून बघा. त्या दोन दिवसांत फोन दुसऱ्या रिंगला उचलला जातो, गाडी येते, अधिकारी येतो, खबर देणाऱ्याची पाठ थोपटली जाते. म्हणजे यंत्रणेला जमत नाही असं नाही. सराव संपला की तीच पोरं तोच नंबर लावतात आणि रिंग वाजत राहते.

इतिहास तुमच्या फायलींमध्ये आहेच, पण तो किनाऱ्यावरून थोडा निराळा दिसतो. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयात ज्यांना शिक्षा झाल्या त्यांत कस्टमचे अधिकारी होते, पोलीसही होते. चोरट्या सोन्या-चांदीच्या वाटा त्याआधी कित्येक वर्षं चालू होत्या आणि त्या वाटांवर कोणाला किती द्यायचं हे ठरलेलं होतं. त्याच वाटेने आरडीएक्स आलं. किनाऱ्यावर पहारा नव्हता असं कोणी म्हणू नये. पहारा होता, तो विकला गेला होता. छोट्या बेकायदा धंद्याकडे डोळेझाक करायची सवय लागली की मोठा धंदा त्याच आडोशाने येतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आज एलईडीवाल्यांकडे बघताना मला शेखाडी आठवते ती यासाठी.

26/11 चे पहिले बळी मच्छीमार होते, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी नौकेवरचे खलाशी आणि तांडेल. मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरणाऱ्या पोरांना कोळी वस्तीतल्या माणसांनी हटकलंही होतं. त्यानंतर बरंच काही उभं राहिलं. 12 सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, एकूण जबाबदारी नौदलाकडे. नवी पोलीस ठाणी, वेगवान नौका, रडार, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं. खर्च झाला, गरजेचाही होता. तरी 31 जुलै 2011 ला 'पवित' नावाचं तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलेलं हे जहाज अरबी समुद्र तरंगत पार करून आलं आणि तिन्ही कडी ओलांडेपर्यंत कोणाच्या नजरेस पडलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला 'लेडी हान' ही नौका वाहत आली, आत तीन एके-47. ती ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बंद पडलं, माणसांना जूनमध्येच वाचवलं होतं, घातपाताशी संबंध नाही, हे सगळं नंतर निष्पन्न झालं. पण ती पहिल्यांदा कोणी पाहिली? किनाऱ्यावरच्या लोकांनी. गणपती तोंडावर आले होते, श्रीवर्धनभर नाकाबंदी लागली.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. रडार हवंच. फक्त पन्नास फुटी लाकडी होडी आणि लाटा यांतला फरक रडारला जितका कळतो त्याहून जास्त जुन्या तांडेलाला कळतो आणि त्याला पगार द्यावा लागत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं.

इथे थोडं लांबचं सांगतो. अवांतर वाटेल, पण नाही.

सोमालियात 1991 मध्ये सरकार कोसळलं. देशाला समुद्र राखणारं कोणी उरलं नाही. परदेशी ट्रॉलर तिथे शिरले आणि स्थानिकांच्या जाळ्यांवरून फिरून मासळी नेऊ लागले. मच्छीमारांनी हत्यारं उचलली, सुरुवातीला 'आम्ही आमचं तटरक्षक दल' म्हणून. लवकरच तो खंडणीचा धंदा झाला, त्यात सरदार आले, भांडवल आलं. सगळे चाचे उपाशी मच्छीमार होते असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण सुरुवात कुठून झाली हे विसरून चालत नाही. जगाने त्यावर उत्तर काढलं ते युद्धनौकांचं. 2008 पासून युरोपच्या, आपल्या, चीनच्या नौका एडनच्या आखातात गस्त घालू लागल्या. विमा कंपन्या आणि जहाज कंपन्यांनी नकाशावर 'धोक्याचं क्षेत्र' आखलं आणि 2010 मध्ये त्याची पूर्वेची रेघ 78 अंश रेखांशापर्यंत आणली. म्हणजे आपला अख्खा पश्चिम किनारा त्यात आला. त्या भानगडीतून सुटायला मोठी जहाजं भारताचा किनारा धरून चालू लागली, मच्छीमारांच्या जाळ्यांवरून. जहाजांवर बंदूकधारी रक्षक आले. 15 फेब्रुवारी 2012 ला केरळच्या समुद्रात 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. 2021 मध्ये 10 कोटींची भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला. ती रेघ 2015 च्या अखेरीस मागे घेतली गेली.

बघा, साखळी कशी गेली. एका गरीब देशाला आपली मासळी राखता आली नाही. त्याची किंमत दुसऱ्या देशाच्या होडीवरच्या माणसांनी जिवाने चुकवली. मासेमारीचा प्रश्न मत्स्यखात्याचा आणि सुरक्षेचा गृहखात्याचा, ही विभागणी समुद्राला ठाऊक नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलचंही बघा. परदेशी ट्रॉलर आणि घटती मासळी यांनी हैराण झालेले लोक मासेमारीच्याच लाकडी होड्यांत बसून कॅनरी बेटांकडे निघतात, वाटेत बुडतात. मग युरोप गस्तीवर पैसा ओततो.

आपल्याकडे काही वेगळं घडतं का? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, कारण गावात पावसाळ्यानंतर हाताला काम नाही. त्या बोटी मासळीच्या मागे गुजरातच्या जखौ-ओखा बंदरांच्या पुढे जातात, पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा त्यांना पकडते आणि पोरं कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात. नोव्हेंबर 2021 मध्ये 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी गोळीबारात पालघरचाच एक खलाशी गेला. ही बातमी परराष्ट्र व्यवहारांच्या पानावर येते. पण तिचं मूळ तलासरीत रोजगार हमीचं काम कधी निघतं आणि मजुरी कधी हातात पडते, यात आहे. इकडे रत्नागिरी-हर्णैच्या बोटींवर नेपाळी, कर्नाटकी, उत्तर प्रदेशी खलाशी आहेत, कारण आमची पोरं मुंबईला गेली. दर हंगामाला नवे चेहरे, नवे कागद. तांडेलाने रोज आधार कार्डांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायच्या. एखादा खलाशी आयत्या वेळी पळाला तर बदली माणसाचं नाव टोकनवर, म्हणजे समुद्रात जायच्या परवानगीच्या चिठ्ठीवर, चढवेपर्यंत ओहोटी लागते. पहलगामच्या हल्ल्यानंतर ही तपासणी वाढली, वाढायलाच हवी होती. त्याच एप्रिलमध्ये, 2025 साली, राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. एक निर्णय दिलासा देणारा, एक तपासणी वाढवणारा, दोन्ही रास्त. पण किनाऱ्यावर ते दोन वेगळ्या दारांतून आले. तपासणीचा आदेश आल्या दिवशी लागू झाला. कृषी दर्जाचं काय झालं म्हणून विचारायला गेलो, तर मार्गदर्शक सूचनांची वाट बघा असं सांगितलं.

कायदे नाहीत असंही नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला आणि सुनावणीचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यविभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. ही चांगली सुधारणा, तिच्याबद्दल तुमचे आभार. केंद्राने 12 मैलांपलीकडे एलईडी मासेमारीवर आणि बुल ट्रॉलिंगवर (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्यावर) नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातली. 2016 पासून राज्यात पर्ससीनला मर्यादा आहे. जानेवारी 2025 पासून ड्रोन आले. म्हणजे दंड आहे, बंदी आहे, आता वरून डोळाही आहे. नाही ती मधली कडी, रात्री दोन वाजता फोन आल्यावर जागेवर पोचणारी नौका आणि सकाळी फोन करणाऱ्याला 'तुझ्या खबरीचं असं झालं' म्हणून सांगणारा माणूस.

आणि वेगाचं म्हणाल, तर एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी किती पोलीस किती तडफेने पोचले ते कोकणाने पाहिलं आहे. रिफायनरी हवी की नको हा या पत्राचा विषय नाही, गावागावांत त्यावर दोन मतं आहेत. पण मनात आणलं तर बंदोबस्त हलतो, एवढं त्यावरून कळलं. तो बंदोबस्त गावकऱ्यांकडे तोंड करून उभा होता. तसाच कधी समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, तर गावकरी चहा घेऊन येतील.

आता मागणी. यादी करायची हौस नाही, मला एकच गोष्ट मुख्य वाटते. रात्रीच्या फोनला एक दार असावं. सागरी पोलिसांचा 1093, तटरक्षक दलाचा 1554, मत्स्यविभागाचे अधिकाऱ्यागणिक मोबाइल, हे सगळे नंबर राहू देत, पण जिल्ह्यात एका खोलीत एका टेबलावर येऊन पडू देत. त्या टेबलावर सागरी पोलीस आणि परवाना अधिकारी शेजारी बसलेले असावेत. फोन करणाऱ्याला 'कोणत्या विभागाचं आहे' हा प्रश्न कोणी विचारू नये. खबरीला नंबर पडावा आणि चोवीस तासांच्या आत त्याच मोबाइलवर उत्तर यावं. गस्त गेली, नाही गेली, नौका सापडली, निसटली, खोटी निघाली, काहीही असो. 'नौका नव्हती म्हणून जाता आलं नाही' हेसुद्धा उत्तर आहे. तेवढं कळलं तरी तांडेल पुढच्या वेळी फोन करेल. दर महिन्याला ही आकडेवारी प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लागू दे.

गस्तीची नौकाही एक असावी, तिच्यावर वर्दी आणि परवाना दोन्ही असावेत. आज मत्स्यविभागाची नौका बेकायदा जाळ्यांच्या मागे फिरते, पोलिसांची नौका संशयितांच्या. दोघी एकाच समुद्रात, एकाच डिझेलवर, आणि अनेकदा दोघीही ओहोटीला खाडीच्या गाळात बसलेल्या. गाळ काढायचं काम तिसऱ्याच खात्याकडे, हे जाता जाता. आणि त्या एका नौकेवर आमच्यातला एखादा जुना तांडेल घ्या. कुठे खडक आहे, कुठल्या वाऱ्यात बोट कुठे आडोसा घेते, हे त्याला सांगावं लागत नाही.

ट्रान्सपॉन्डरचंही याच्याशी नातं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख नौकांवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळाचा इशारा, संकटाचा संदेश, सीमेजवळ गेल्याची सूचना, सगळं त्यात आहे. निसर्ग आणि तौक्ते ही वादळं ज्यांनी पाहिली त्यांना त्याची किंमत सांगायला नको. तरी लोक तो बंद ठेवतील, आणि का ते मी सांगतो. तांडेलाची मासळीची जागा हा त्याचा वडिलोपार्जित ठेवा. ती कोणाच्या पडद्यावर दिसते, ती माहिती कोणाच्या हातात जाते, दंडाची नोटीस तेवढी त्यावरून येणार का, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा नियम लिहून द्या. माहिती कोण बघेल, किती दिवस ठेवली जाईल, कोणाला मिळणार नाही. हे झालं की गंमत बघा. सगळ्या प्रामाणिक नौका पडद्यावर दिसू लागल्या की न दिसणारी नौका आपोआप उघडी पडते. नंबर झाकून, यंत्र बंद करून फिरणारा एलईडीवाला मग मत्स्यविभागाचा गुन्हेगार राहत नाही, तुमच्या सुरक्षेच्या जाळ्याला पडलेलं भोक ठरतो. गृह विभागाला एलईडीत रस वाटावा यासाठी याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

सागर रक्षक दलाच्या पोरांविषयी. त्यांच्याकडे आज टोपी, शिट्टी आणि मुदत संपलेलं ओळखपत्र आहे. बांगलादेशाचं उदाहरण देतो. 1970 च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर 1972 मध्ये रेड क्रॉस आणि सरकारने मिळून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. 1991 च्या वादळात पुन्हा लाखाच्या वर माणसं गेली, तरी काम सोडलं नाही. निवारे बांधले, माणसं वाढवली, बायकांना बरोबरीने घेतलं. आता तितकीच मोठी वादळं येतात आणि मृतांचा आकडा दहा-वीसांत, फार तर शेकड्यांत राहतो. त्या स्वयंसेवकांना पगार नाही, हेही खरं सांगायला हवं. पण त्यांना भोंगा, बावटे, रेनकोट, गमबूट, दर वर्षी प्रशिक्षण मिळतं आणि ढाक्याहून निघालेला इशारा त्यांच्या हातात नेमका पोचतो. गरीब देशाने गरिबांच्याच बळावर केलेलं हे काम आहे. आपल्या केरळने 2018 च्या पुरात मच्छीमारांनी हजारो माणसं बाहेर काढल्यानंतर त्यांचा नुसता सत्कार केला नाही, मच्छीमार तरुणांना सागरी पोलिसांत कोस्टल वॉर्डन म्हणून नेमलं. तामिळनाडूने होमगार्डमध्ये घेतलं. आपल्याकडे निदान वॉकीटॉकी, लाइफ जॅकेट, अपघाती विमा आणि रात्रीच्या गस्तीचा भत्ता एवढं तरी व्हावं. मासळी विकणाऱ्या, लिलावाला पहाटे जेट्टीवर येणाऱ्या बायकांना दलात घ्या. जेट्टीवर कोण नवा माणूस आला हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

डिझेल परतावा वेळेवर द्या, याचा सुरक्षेशी काय संबंध असं वाटेल. परतावा महिनोन्महिने थकला की नौकामालक बाजारातून कर्ज उचलतो. कर्ज देणारा कधी मासळीचा व्यापारी असतो, कधी नसतो. आणि नसतो तेव्हा तो परतफेडीत काय मागेल याचा नेम नाही. 1993 ला शेखाडीत ज्यांनी ओझी वाहिली त्यांतल्या काहींना आपण काय वाहतोय ते माहीत नव्हतं, पैसे मिळणार एवढंच माहीत होतं.

वाढवण, दिघी, जयगड, पुढे आणखी. नवी बंदरं येणार, असलेली वाढणार, त्यांच्याभोवती सुरक्षेच्या नावाने मासेमारीबंदीची वर्तुळं पडणार. वर्तुळ आखण्याआधी त्या पाण्यात कोण जाळं टाकतं ते नौकेगणिक लिहून काढा आणि भरपाई वर्तुळ पडायच्या दिवशी द्या, नंतर नको. याबद्दल जास्त लिहीत नाही, वाढवणवाल्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहून ठेवलं आहे.

शेवटी एक विनंती, तिला पैसे लागत नाहीत. पुढच्या 'सागर कवच'मध्ये लाल गटाचा, म्हणजे हल्लेखोर होणाऱ्या गटाचा, एक प्रयोग वाढवा. ठरलेल्या तारखेबाहेर, कोणालाही न कळवता, हंगामातल्या एखाद्या रात्री एका तांडेलाला फोन करायला सांगा, की अमुक जागी नंबर झाकलेली नौका दिवे लावून मासे मारते आहे. आणि मोजा. किती विभागांकडे तो फोन फिरला, किती वेळाने कोण निघालं, किती वेळाने पोचलं, तांडेलाला उत्तर कधी मिळालं. जे काही निघेल ते दोन्ही विभागांच्या बैठकीत एकाच कागदावर ठेवा. तांडेल आम्ही देऊ, होडी आमची, त्या रात्रीचं डिझेलही सोसायटी सोसेल.

सध्या पावसाळी मासेमारीबंदीचा काळ आहे, नौका वर ओढल्यात, माणसं जाळी विणत घरी आहेत. यायचं असेल, बोलायचं असेल तर आत्ता या. नारळ समुद्रात पडला की आमच्यापैकी कोणी कार्यालयीन वेळेत सापडणार नाही.

आपला,
एका मच्छीमार सहकारी सोसायटीचा सचिव
जि. सिंधुदुर्ग